काही न मागणारे निरोप

सकाळी अकरा निरोप आले होते आणि त्यांतल्या एकाही माणसाला काही नको होतं.

थोरातांनी ते नेहमीप्रमाणे चहा पिता पिता वाचले. वरच्या मजल्यावरच्या देसाईबाईंच्या जास्वंदीला सात फुलं आली होती. भाचा नव्या घरात राहायला गेला होता आणि त्या घराला पूर्वेकडे दोन खिडक्या होत्या. केंद्रातल्या एका सहकाऱ्याचा दाढदुखीचा त्रास कमी झाला होता. 'उत्तर पाठवा' असं कुणी लिहिलं नव्हतं. 'कसे आहात' असंही कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजे उत्तर मागणं, आणि मागणारा निरोप पोचत नसे. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. या नऊ वर्षांत लिहायला शिकलेल्या मुलांनी निरोपात प्रश्नचिन्ह कधी पाहिलेलंच नव्हतं.

हा नियम थोरातांनीच लिहिला होता.

शिरीष थोरात सांगलीच्या विभागीय गाळणी केंद्रात नियमकार होते. कुठला निरोप माणसापर्यंत जाऊ द्यायचा आणि कुठला वाटेतच अडवायचा हे ठरवणारी जी यंत्रणा, ती गाळणी. गाळणीने कसं वागायचं ते लिहून देणारा तो नियमकार. थोरातांचं वय साठ झालं होतं. पत्नी वैजयंती अकरा महिन्यांपूर्वी वारली होती. केंद्राने सुट्टी देऊ केली होती ती त्यांनी घेतली नव्हती.

त्या दिवशी ते केंद्रात पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांचा मेहुणा बसला होता. संपत मोहिते, वैजयंतीचा धाकटा भाऊ. तो गुळव्या होता, म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहून रस नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस. हंगामात तो गावोगाव फिरे. जवळ फोन ठेवत नसे. काही सांगायचं असलं तर स्वतः येई.

"काय वो दाजी, किती वाजता येता हापिसात? आठपास्नं बसलोय."

"तू घरी यायचं ना."

"घरी तुम्ही चहा करून द्याल आन् काय बोलणार न्हाई. म्हणून हितं आलो." त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "आईचा अंगठा घेतलाय ह्याच्यावर. तुमची सही पायजे."

तो गाळ उघडण्याचा अर्ज होता. अडवलेले निरोप केंद्र लगेच नष्ट करत नसे. ते दहा वर्षं बंद ठेवले जात, नियम बरोबर चालतो की नाही हे कधी तपासावं लागलं तर असावेत म्हणून. या साठ्याला सगळे गाळ म्हणत. जिवंत माणसाचा गाळ कुणालाही, त्याला स्वतःलासुद्धा, उघडता येत नसे. गेलेल्या माणसाचा मात्र जवळच्या दोन नातेवाइकांच्या सह्यांनी उघडता येई.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"निपाणीकडं गुऱ्हाळावर एक पोरगा हाय, त्यानं. आक्काचं सांगत होतो त्याला. तो म्हणाला, अडवलेलं सगळं असतंय ठेवलेलं. मला वाटलं, दाजींना म्हाईतच असणार." संपत थांबला. "म्हाईत होतं न्हवं?"

"होतं."

"मग अकरा म्हयनं का गप बसलाय?"

थोरातांनी त्याला आत नेलं, आपल्या टेबलाशी बसवलं आणि पाणी दिलं.

वैजयंती माहेरी असताना गेली होती. आई अंथरुणाला खिळलेली, ऐकू कमी येणारी. तिच्यासाठी वैजयंती महिन्यातले पंधरा दिवस एस.टी.ने तासाभराच्या, नदीपलीकडच्या वाडीवर जाऊन राही. त्या दिवशी संपत निपाणीकडे होता. संध्याकाळी शेजारची माणसं परत आली तेव्हा ती ओसरीवर पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं सकाळीच सुरू झालं असणार, तीनपर्यंत कुणी पोचलं असतं तर कदाचित. रुग्णवाहिकेला बोलवायचं बटण तिच्या फोनवर होतं. ते तिने दाबलं नव्हतं. पित्त असेल असं वाटलं असावं, असं सगळे म्हणाले.

"माझं येवढंच म्हणणं हाय," संपत म्हणाला, "आक्का असली गपचिप जाणारी न्हवं. लहानपणी बोट कापलं तर चार घरांत ऐकू जायाचं. तिनं हाक मारली असणार तुम्हाला. ती हितं अडली का, ते मला बघायचंय."

"अडली असेल तर?"

"तर मग कळंल."

"माझा नियम आहे तो, संपत."

"म्हणून तर तुमच्याकडं आलोय. दुसऱ्या कुणाला इचारू?" तो खुर्चीत पुढे सरकला. "आधी मला सांगा, ह्यो नियम हाय तरी काय. बायको नवऱ्याला या म्हणती आन् ते पोचत न्हाई, असं कुणी करतंय का? खुळं हाय का काय केंद्र?"

थोरातांनी सांगायला सुरुवात केली. हे त्यांनी अनेकदा, अनेकांना सांगितलं होतं.

दहा वर्षांपूर्वी निरोपांचा पूर आला होता. यंत्रं माणसासारखं लिहायला आणि बोलायला शिकली, आणि फसवणाऱ्यांना निरोप पाठवणं फुकट झालं. एकेका माणसाला दिवसाला तीस-चाळीस हजार खोटे निरोप येऊ लागले. फोन वाजला की आईचा रडका आवाज येई, 'बाळा, मला सोडव इथून', आणि ती आई नसे. त्या पुरात खरी माणसं बुडून गेली. मग थेट फोन बंद झाले. बोललेलं असो की लिहिलेलं, सगळं निरोप म्हणून गाळणीतून जाऊ लागलं.

"पण गाळणी कशावरून ओळखणार?" थोरात म्हणाले. "आधी आम्ही शब्द धरले. अमुक शब्द आला की अडव. त्यांनी शब्द बदलले. मग नावं धरली. घरच्या माणसांची यादी करायची, यादीतलं नाव असेल तर सोड. त्यांनी घरच्यांची नावं घेतली, आवाज घेतले, बोलायची ढब घेतली. मग नाव खरं की खोटं हे तपासणं आलं. आवाज जुळव, सवयी जुळव, माणूस आत्ता कुठं आहे ते बघ. एका निरोपाला इतकं काम, आणि निरोप अब्जावधी. जिल्ह्याची निम्मी वीज गाळणीला लागायला लागली. दवाखान्यांचे दिवे जात होते."

"ते आठवतंय मला."

"नियम लिहिणाऱ्याचं खरं कसब क्रम लावण्यात असतं. जो नियम कमी कामात जास्त कचरा काढतो तो सगळ्यांत वर ठेवायचा. जड काम खाली. म्हणजे खालपर्यंत थोडेच निरोप पोचतात. मी एक वर्ष असा नियम शोधत होतो. मग एक दिवस लक्षात आलं, की हे लोक सगळं बदलू शकतात, पण एक गोष्ट बदलू शकत नाहीत. त्यांना काहीतरी हवं असतं. हे दाब, तो आकडा सांग, इकडे ये, उत्तर दे. ज्यात काही मागितलेलं नाही असा निरोप पाठवून त्यांना काय मिळणार? म्हणून निरोप कुणाचा आहे ते बघायचंच नाही. त्यात मागणी आहे का, एवढंच बघायचं. असेल तर तिथेच अडवायचा. शंभरातले सत्त्याण्णव त्या एका नियमात गेले. सहा महिन्यांत पूर ओसरला. सगळ्या देशांनी घेतला तो नियम."

"आन् घरच्यांची यादी?"

"ती त्याच्या खाली."

"वर का न्हाई? आधी घरची माणसं सोडायची, मग बाकीच्यांना अडवायचं."

थोरातांनी टेबलावरचा कागद सरळ केला. हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी बैठकीत त्यांनी स्वतःच मांडला होता आणि उत्तरही त्यांनीच दिलं होतं.

"यादी तपासणं मागणी तपासण्याच्या चाळीसपट जड आहे. ती वर ठेवली तर प्रत्येक खोटा निरोप घरच्याचं नाव लावून येणार आणि प्रत्येकाची जड तपासणी करावी लागणार. म्हणजे पुन्हा वीज, पुन्हा पूर. म्हणून मागणी वर. आम्ही अहवालात लिहिलं होतं, घरच्या माणसांना आपल्या मागण्या समक्ष करता येतील."

"समक्ष," संपत म्हणाला. "आन् अडवलं हे पाठवणाऱ्याला कळतं?"

"नाही. कळवलं तर खोट्यांनाही कळणार, आणि ते चुकवायला शिकणार."

संपत बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. रस उतरवायच्या आधी तो असंच बघत असावा.

"सही करा, दाजी."

थोरातांनी सही केली. अकरा महिने ती त्यांच्या हातून झाली नव्हती. उघडल्यावर त्यात 'या' असा एक शब्द सापडला तर पुढे कसं जगायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि उघडलं नाही तर तो शब्द तिथे आहे असंच धरून जगावं लागत होतं. अर्ज दाखल करून घ्यायचा अधिकार त्यांचाच होता. त्यांनी तो दाखल केला आणि वैजयंतीचा गाळ उघडला.

पडद्यावर आधी वर्षवार आकडे आले. तिने नवऱ्याला पाठवलेले आणि अडवलेले निरोप. पहिल्या वर्षी चारशे सहा. दुसऱ्या वर्षी एकशे अकरा. तिसऱ्या वर्षी सव्वीस. चौथ्या वर्षी पाच. पाचव्या वर्षी एक. त्यानंतर शेवटपर्यंत एकही नाही.

"शेवटच्या वर्षाला काय लिवलंय?"

"शून्य."

"म्हंजे?"

"म्हणजे त्या दिवशी काही अडलं नाही, संपत. काहीच नाही."

थोरातांनी चष्मा काढला. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे त्यांना कळलं आणि त्याची लाजही वाटली. नियमाने तिला अडवलं नव्हतं. तिने बोलावलंच नव्हतं.

इतके महिने संपतने ज्या गोष्टीचा संशय धरला होता ती नव्हतीच. तो म्हणाला, "आधीचं वाचून दाखवा जरा. आक्काचं हाय म्हणून."

थोरातांनी पहिल्या वर्षाचे काही वाचले. येताना कढीपत्ता आणा. चावी विसरलात, लवकर या, मी पायरीवर बसलेय. मुगाचं करू का मसुरीचं? अहो, उत्तर द्या की. उत्तर द्या. आज रागावलात का?

"ही पायरीवर बसलेली, तवा किती वेळ बसली?"

"दीड तास. घरी आल्यावर भांडली होती. मी समजावलं, निरोपात मागू नकोस, पोचत नाही. ती म्हणाली, तुमच्या त्या गाळणीला माझं नाव सांगा, मी वैजयंती म्हणून." थोरात किंचित हसले. "मग शिकली. सगळेच शिकले."

पाचव्या वर्षाचा एकुलता एक निरोप वाडीवरून पाठवलेला होता. 'दोन दिवस येऊन जाता का? तापात आई मला ओळखत नाही.'

थोरातांनी तो मनातच वाचला. संपतने तो पडद्यावर स्वतः वाचला. तो निरोप पोचला नव्हता, थोरात गेले नव्हते, आणि परत आल्यावर वैजयंतीने त्याविषयी एक शब्द काढला नव्हता. त्यानंतर तिने कधीच काही मागितलं नाही.

"आन् पोचलं ते?" संपतने विचारलं. "त्या दिवशी काय आलंच न्हाई का तिचं?"

"आले ना. तीन निरोप आले. रोजच्यासारखे."

"बघू."

थोरातांनी आपला फोन काढला. हे तीन निरोप त्यांनी अकरा महिन्यांत किती वेळा वाचले होते याची गणती नव्हती, कारण ते तिचे शेवटचे होते. त्यांनी एकसुरात वाचून दाखवले.

सकाळी नऊ चाळीस. 'आईची पेज झाली. आज अंगण झाडायचं राहिलं, मध्येच बसावं लागलं.'

अकरा पाच. 'संपत निपाणीकडे आहे. शेजारची सगळी लग्नाला गेलीत. वाडी अगदी शांत आहे.'

एक दहा. 'दार उघडंच ठेवलंय. दीडची एस.टी. रिकामी असते म्हणे या दिवसांत.'

"आन् तुम्ही काय लिवलं?"

"शेवटच्याला उत्तर दिलं होतं. 'हो. बसायला जागा मिळते.'"

संपत उठून उभा राहिला, मग परत बसला.

"परत वाचा. शेवटचं."

थोरातांनी वाचलं.

"दाजी, ही बोलावतीया तुम्हाला."

"यात मागणी नाही, संपत."

"दार उघडं ठेवलंय म्हणती. एस.टी.चं टाइम सांगती. आन् काय सांगायचं माणसानं?"

थोरातांनी ते तीन निरोप एकेक करून पुन्हा नियमातून चालवून पाहिले. हे त्यांच्या कामातलंच होतं. तिन्ही वेळा पडद्यावर तेच उमटलं. मागणी: नाही. त्यांनी पडदा संपतकडे वळवला.

"मशीनला न्हाई कळलं, बरोबर हाय. ते मशीन हाय," संपत म्हणाला. त्याचा आवाज वर गेला नव्हता. "तुम्ही सत्तावीस वर्षं तिच्याबरूबर जेवलाय. तुम्हाला न्हाई कळलं?"

नाही कळलं, हे खरं होतं. त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी तो निरोप याच खुर्चीत वाचला होता, एस.टी. रिकामी असते ही गोष्ट बरोबर आहे असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्यांनी तसं लिहिलं होतं. ज्या गाळणीतून रोज निरोप येतात ती फक्त निरोप गाळत नाही. पाठवणारा आपलं बोलणं तिच्या भोकांच्या मापाने कापायला शिकतो. घेणारा शिकतो की जे आलं आहे त्याला आपल्याकडून काही नको आहे, ते वाचलं की झालं. नऊ वर्षांत नियम यंत्रातून निघून माणसांत येऊन बसला होता. थोरातांच्या डोक्यातही तो सगळ्यांत वर होता, घरच्यांच्या यादीच्या आधी.

अर्जाच्या शेवटी निकालाचा रकाना होता. अडवलेली हाक: होय किंवा नाही. त्यात तिसरं काही लिहायला जागा नव्हती. थोरातांनी 'नाही' लिहिलं. केंद्राच्या दफ्तरात नियम निर्दोष ठरला.

दुपारी ते दोघं चालत घरी आले. आईने आक्काचं एक लुगडं मागितलं होतं, ते न्यायला संपतला यायचंच होतं. "उशाशी घेऊन निजायचं म्हणती," तो म्हणाला. थोरातांनी कपाट उघडलं. निळं काढलं, परत ठेवलं, अबोली काढलं. संपतने ते पिशवीत घातलं, वरून वर्तमानपत्र गुंडाळलं.

"येतो मग."

"बरं."

तो दारापाशी गेला, चपलेत पाय घातला. थोरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते. घर त्यांच्या मागे होतं, अकरा महिने होतं तसंच, रिकामं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिथे त्याचं दुसरंच काही झालं.

"आज भात जास्त झालाय," ते म्हणाले.

संपत एका पायात चप्पल घालून थांबला. सकाळी त्याने जे पाहिलं होतं त्यानंतर त्याला तसंच निघून जाता येईना. तो मागे वळला.

"हे मला ऱ्हा म्हणताय, का नुसतं सांगताय?"

थोरातांनी विचार केला. आपल्याला काय हवं आहे ते त्यांनी आत शोधून पाहिलं, मनापासून, जसा ते नियमातला दोष शोधत तसा. भात जास्त झाला होता. ते खरं होतं. त्याच्या मागे काही आहे का, ते त्यांना दिसेना. आणि वाडीवर त्या दुपारी, दार उघडं ठेवून, एस.टी.ची वेळ लिहिताना वैजयंतीला तरी आपण बोलावतोय हे ठाऊक होतं की नाही, हेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं.

"दाजी, इचारतोय मी."

"मला माहीत नाही, संपत," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही."